मणक्यात गॅप निघाला म्हणून दारातली रांगोळी बंद केली

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"नमस्कार. मी ६७ वर्षांची, कराडजवळच्या गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता रिटायर. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दळणाचा डबा उचलला आणि कमरेत अशी चमक निघाली की तिथंच बसले. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय, झीज झालीय असं सांगितलं. ३ आठवडे झोपून काढले, १० दिवस वजन लावून कंबर ओढून घेतली, पट्टा तेव्हापासून दिवसभर असतो. गादी काढून फळीवर झोपते. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, काही उचलायचं नाही. आता ८ महिने झाले. दुखणं कमरेतच आहे, पायात मुंग्या वगैरे नाहीत, पण जातही नाही, सकाळी कंबर लाकडासारखी होते. बीपीची गोळी चालू आहे, दुखण्याची मेडिकलमधून आणून घेते. दारात रांगोळी काढणं बंद झालं, ४० वर्षांत कधी चुकली नव्हती. नात ११ महिन्यांची आहे, तिला उचलायची भीती वाटते. सून सगळं करते, पण मला लाज वाटते. एकजण म्हणाले ऑपरेशन करून टाका, नाहीतर पुढं पाय जातील. मी काय करू? आणि जमलं तर यांचंही सांगा. चालताना दोन्ही पाय भरून येतात, कट्ट्यावर बसले की थांबतं. सायकलवर मात्र रानात जाऊन येतात. म्हणतात वय झालं."

काकू, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या रांगोळीच्या ओळीपाशी थांबले. त्याच्याकडे येतेच, पण आधी ऑपरेशनचं बोलू, कारण त्या एका वाक्यानं तुमची झोप गेली असणार. "पाय जातील" असं कुणीतरी सहज बोलून जातं आणि ऐकणारा बिचारा वर्षानुवर्षं त्या धास्तीत काढतो. मी २६ वर्षं फिजिओथेरपी करतेय, असे किती पेशंट बघितले त्याला गणती नाही.

पायांची खरी काळजी करावी अशी लक्षणं असतात, नाही असं नाही, पण ती वेगळी असतात आणि ती घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवा. लघवी तुंबणं किंवा न कळता होऊन जाणं, शीवर ताबा न राहणं, आपण ज्या जागेवर बसतो तो मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी कमी होत जाणं म्हणजे चालताना चप्पल निसटून पडते आणि कळतही नाही, पाऊल फरफटतं. यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं. दुसरी काही लक्षणं सावकाश येतात, संध्याकाळचा बारीक ताप, वजन आपोआप उतरणं, रात्री कुठल्याही कुशीला वळलं तरी न थांबणारी कळ, किंवा पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, बरीच वर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असणं. अशा कमरेला "वातानं दुखतंय" म्हणून घरी तेल चोळत बसू नये. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि मणक्याचा टीबी खोकला अजिबात नसतानाही होतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

तुमच्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही. एमआरआय झालाय, त्यात असं काही असतं तर तेव्हाच दिसलं असतं. दुखणं कमरेपुरतं आहे, पायात उतरत नाही. अशा कमरेचं सहसा ऑपरेशन करत नाहीत, आणि केलं तर दुखणं जाईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यामुळे तो विषय सध्या बाजूला ठेवा. कुणी फारच मागे लागलं तर दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि सरळ विचारा की नेमकी कुठली नस दबलीय आणि ऑपरेशननं माझं काय सुधारेल.

आता रिपोर्ट. तुम्ही ६७ वर्षांच्या आहात. या वयात ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांचे स्कॅन काढले तर काय दिसतं माहितीये? २०१५ साली असा एक मोठा आढावा छापून आला होता, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन त्यात होते. साठीतल्या लोकांमध्ये ८८ टक्क्यांच्या चकत्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गाद्या, सुकलेल्या होत्या, ६९ टक्क्यांच्या चकत्या बाहेर फुगलेल्या होत्या, ऐंशीत हेच आकडे ९६ आणि ८४ टक्क्यांवर गेले. परत सांगते, ही सगळी ठणठणीत कमरेची माणसं. केस पिकतात तशा चकत्या सुकतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टात जे लिहिलंय ते खोटं नाही, पण तेच तुमच्या दुखण्याचं कारण आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. कंबरदुखीच्या दहातल्या नऊ पेशंटांमध्ये बोट ठेवून दाखवता येईल असं एक कारण सापडतच नाही. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा मुळीच नाही. ते खरंच आहे, स्नायू, सांधे, नसा सगळे मिळून दुखतात आणि त्यावर काळजी आणि मोडलेली झोप यांचीही भर पडते.

आणि या "गॅप" शब्दाचं काय करावं मला कळत नाही, आपल्याकडे घरोघरी तो बसलाय. "माझ्या मणक्यात गॅप आहे" असं म्हटलं की डोळ्यांसमोर येतं की मधे पोकळी पडलीय, आता मणके सटकणार, वाकलं की कट्कन निसटणार. अहो, होतं बरोबर उलटं. वयानं चकतीतलं पाणी कमी होतं, ती पातळ होते, म्हणजे दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. "गादी सरकली" हेही तसंच. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, पाटावरून साबण घसरावा तशी ती घसरत नाही. तिचा थोडा भाग बाहेर येतो एवढंच, आणि बाहेर आलेला तो भाग बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत आपोआप बारीक होतो. शब्द चुकीचे बसले की माणूस कंबर काचेची असल्यासारखा वागायला लागतो, आणि माफ करा, पण तुमच्या ८ महिन्यांत मला तेच दिसतंय. डब्यानं जी चमक भरली ती एरवी ४-६ आठवड्यांत बरीचशी निवली असती. त्यानंतर जे दुखतंय त्यात न वाकण्याचा, न उचलण्याचा, पट्ट्याचा आणि फळीचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

यात तुमची काही चूक नाही, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मनापासून पाळलंत. झोपून राहा हा सल्ला पूर्वी सगळेच द्यायचे. पण १९८६ सालीच तपासून झालं होतं, कंबरदुखीच्या काही पेशंटांना २ दिवस आणि काहींना ७ दिवस झोपून राहायला सांगितलं, ७ दिवस झोपलेल्यांना जास्त फायदा झाला नाही, कामावर मात्र ते उशिरा गेले. आणि आपल्या वयात झोपून राहणं महागात पडतं. एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांची, म्हणजे अगदी तुमच्या वयाची, निरोगी माणसं १० दिवस पलंगावर ठेवली होती, तर पायाचे स्नायू जवळजवळ १ किलोनं उतरले. दहा दिवसांत! तुम्ही २१ दिवस झोपलात आणि त्यानंतर ८ महिने जपून जपून चालताय. सकाळी कंबर लाकडासारखी होते यात मला नवल वाटत नाही.

पट्ट्याचं आणि वजन लावून ओढण्याचंही सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच सविस्तर मार्गदर्शन काढलं, त्यात कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नका असं म्हटलंय. काय द्या म्हटलंय? तर दुखणं नीट समजावून सांगणं, व्यायाम, गरजेप्रमाणे मसाजसारखे उपचार, भीती आणि काळजीवर बोलणं, लागलंच तर थोडे दिवस औषध. पट्टा एकदम काढून फेकू नका, तुम्हालाच धास्ती वाटेल. या आठवड्यात सकाळी एक तास काढा, पुढच्या आठवड्यात दोन-तीन तास, महिन्याभरात तो कपाटात गेला पाहिजे. लांबच्या प्रवासाला एखाद्या दिवशी लावलात तर काही बिघडत नाही.

फळी आजच काढा. "कडक जागेवर झोपावं" हेही आपल्याकडे पक्कं बसलंय, पण २००३ साली ३१३ कंबरदुखीच्या पेशंटांवर पाहिलं होतं, कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं आणि वावरणं जास्त सुधारलं. नीट पिंजलेली कापसाची गादी चांगली, खड्डे पडलेली नको. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मधे उशी घ्या, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. उठताना सरळ उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हातानं रेटा देऊन उठा. उठायच्या आधी अंथरुणातच दोन्ही गुडघे छातीशी घेऊन हळूहळू दहा-पंधरा वेळा झोके द्या आणि गुडघे वाकलेले ठेवून डावीकडे-उजवीकडे कलवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लाकूड मऊ होतं, माझ्याकडच्या आज्या हे सोडायला तयार नसतात.

आता खरं औषध, म्हणजे चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर एक प्रयोग झाला, २०२४ मध्ये तो छापून आला. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या लोकांना फिजिओनं हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम दिला, आठवड्याला ५ दिवस रोज अर्धा तास इथपर्यंत पोचायचं. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची कंबर परत दुखायला लागण्याचा मधला काळ ११२ दिवस निघाला, चालणाऱ्यांचा २०८ दिवस. एक पैशाचा खर्च नाही. तुम्ही सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १० मिनिटं अशी सुरुवात करा, आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. पायात नीट बूट किंवा मागून पट्टा असलेली चप्पल पाहिजे, घसरणारी स्लीपर नको, पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेनं तर मुळीच नको, अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारल्या तरी चालतं.

चालण्याबरोबर ताकद पाहिजे. खुर्चीत बसा, हात छातीवर बांधा आणि हाताचा आधार न घेता उठा-बसा, सुरुवातीला ५ वेळा, नाही जमलं तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. उताणं झोपून गुडघे वाकवा आणि कंबर वर उचला, म्हणजे सेतुबंध, वर पाच अंक मोजा, खाली या. ओट्याला धरून टाचा उचला. हे तीन व्यायाम एक दिवसाआड करा. नंतर तुमच्या खऱ्या कामाकडे या, कारण तुम्हाला सेतुबंधात बक्षीस मिळवायचं नाहीये, नात उचलायचीय. २ किलो तांदळाची पिशवी स्टुलावर ठेवा. पाय जरा फाकवून उभ्या राहा, गुडघे थोडे वाकवा आणि खुब्यातून वाका, म्हणजे पाठीमागचं दार पार्श्वभागानं ढकलून लावतो ना आपण, तसं. पिशवी पोटाशी ओढा आणि उठा. तेच वजन हात लांब करून धरलं की कमरेला कितीतरी जड पडतं. दहा वेळा जमलं की पिशवी स्टुलावरून पाटावर, मग जमिनीवर, मग २ ची ४ किलो, मग ६. ११ महिन्यांची नात साधारण ८-९ किलोची असेल, तोवर ती सतरंजीवरून स्वतःच खुर्चीला धरून उभी राहते का बघा, तिथून उचलणं सोपं. आणि उचलून घेतली नाही तरी मांडीवर आजच घ्या, तुम्ही खुर्चीत बसा आणि सुनेला द्यायला सांगा, यात कमरेला काहीच होत नाही.

दुखलं तर? दुखेल, आधीच सांगून ठेवते. ८ महिने न हललेली कंबर हलवली की कुरकुरणारच. माझा नियम सोपा आहे, व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं तर बरोबर चाललंय, दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त असेल तर निम्म्यावर या, बंद करू नका. मधेच एखाद्या दिवशी परत उसण भरेल, तेव्हा लगेच "गेलं सगळं, परत गॅप वाढला" असं मनात आणू नका. शेक घ्या, एक-दोन दिवस हलकं राहा, घरातल्या घरात फिरत राहा, तिसऱ्या दिवशी परत सुरू. शेकानं बरं वाटतं, तेलानंही, सुनेनं हलक्या हातानं पाठ चोळली तर फारच छान, फक्त शुगर असेल किंवा कातडी बधिर असेल तर गरम पिशवीनं भाजतं आणि कळत नाही, तेवढं जपा.

घरातल्या कामांचं एकच सांगते, भार वाटून घ्या. दळणाचा डबा १० किलोचा कशाला, ५-५ किलोचे दोन करा. बादली अर्धी भरा. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो, तो या वयात कुणीच एकट्यानं उचलायचा नाही, काकांनीही नाही. ओट्याशी बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि आलटून पालटून बदला. अर्ध्या तासावर एका जागी बसू नका, सिरीयलमध्ये जाहिरात लागली की उठा.

इथं माझ्या आईचं सांगते, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि ती मला सलतेय. आई ७१ वर्षांची असताना एसटीत मागच्या चाकावरच्या सीटवर बसली होती, गतिरोधकावर गाडी उडाली आणि ती आदळली. पाठीत कळ आली. डॉक्टरांनी वय झालं म्हणून गोळ्या दिल्या, कुणी सांगितलं उसण आहे, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या, तेही झालं. ४ महिने ती सोसत होती. एक दिवस मी माहेरी गेले तर ती पाठमोरी उभी होती आणि तिचा परकर जमिनीवर लोळत होता. तोच परकर, तीच नाडी, वर्षभरापूर्वी घोट्याच्या वर असायचा. फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा ती आता टाचा उंच करूनही काढू शकत नव्हती. आईची उंची कमी झाली होती. एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले, हाडं पार ठिसूळ. मी स्वतः या कामात असून चार महिने मला ते दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बायकांची पाळी गेली की हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि मणक्याचे असे निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तुमच्या एमआरआयमध्ये दबलेला मणका असता तर लिहिला असता, पण हाड किती मजबूत आहे ते एमआरआय सांगत नाही, त्याला डेक्सा नावाची वेगळी तपासणी असते. ती एकदा करून घ्या. उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि त्यावर चांगली औषधं आहेत. आणि तुमचा जुना परकर लोळतोय का तेही बघा, खरंच बघा. हाडं ठिसूळ निघाली तर मी सांगितलेलं चालणं आणि उठबस चालूच ठेवायची, फक्त पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठी उठून बसायचे व्यायाम, पाठ गोल करून वजन उचलणं हे टाळायचं, वजनाच्या पिशव्या डॉक्टरांना विचारून. आणि पायाळूची लाथ, पाठीवर पाय देऊन चालणं, हाडवैद्याचं कडकड मोडणं हे साठीनंतर कुणीच करून घेऊ नये, मग ते कितीही पिढीजात असो.

खाण्यात, पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, तीळ, दूध, ताक हे आपल्या घरात आहेच. डी व्हिटॅमिनची ती आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी मनानं वर्षभर घेत बसू नका, तपासून आणि डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, जास्त झालं की त्याचाही त्रास होतो.

आता मेडिकलमधल्या गोळीवर मी जरा कडक बोलणार आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक असं काही पाकिटावर लिहिलंय का बघा. दुखणं थांबतं हे खरं, पण तुमचं वय ६७, वर बीपीची गोळी चालू. या गोळ्यांनी बीपी वाढतो, पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि बीपीच्या काही औषधांबरोबर घेतल्या की किडनीवर ताण येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका, आणि त्यांनी दिली तर थोड्या दिवसांपुरती, जेवणानंतर. साधी पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे पण कंबरेला तिचा फार उपयोग होत नाही, २०१४ सालच्या एका मोठ्या चाचणीत ताज्या कंबरदुखीला ती खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरली नाही. नसांच्या म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी म्हाताऱ्या माणसाला गरगरतं आणि रात्री बाथरूमला जाताना पडायला होतं. आणि बाजारात वाताची म्हणून जी बिननावाची पुडी मिळते, एका दिवसात आराम, ती हातात धरू नका. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलंय, म्हणूनच एका दिवसात आराम पडतो, आणि त्याच स्टेरॉईडनं हाडं पोखरतात.

आता काकांचं. काकू, तुम्ही त्यांच्याबद्दल शेवटी चार ओळी लिहिल्यात, पण डॉक्टरकडे आधी कुणी जायचं असेल तर ते काकांनी. चालताना पाय भरून येणं, बसलं की थांबणं आणि सायकल मात्र चालवता येणं, ही खूण मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची असते. उभं राहून चालताना ती वाट आणखी आवळते, पुढं वाकलं की थोडी मोकळी होते, म्हणून हँडलवर वाकून सायकल जमते आणि ताठ चालणं जमत नाही. हे "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं दुखणं नाही आणि घाबरून जायचंही नाही, याला व्यायाम आहेत, काठी घेऊन किंवा ढकलगाडीला टेकून थोडं वाकून चालण्याची युक्ती आहे, सायकल तर चालू ठेवायचीच, आणि पुढं जगणंच अवघड झालं तर यात ऑपरेशनचा खरोखर उपयोग होतो.

पण एक शंका आधी मिटवायला हवी. पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या तरीही चालताना पाय भरतात. काका विडी-सिगारेट ओढत होते का, शुगर आहे का? नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते की बसावंच लागतं? उभं राहून थांबत असेल तर रक्तवाहिन्यांकडे बोट जातं, बसूनच थांबत असेल तर मणक्याकडे. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, ते करायला सांगा. पायाचा अंगठा गार पडतोय, रंग बदलतोय किंवा जखम भरत नाहीये असं असेल तर याच आठवड्यात जा.

रांगोळीचं राहिलं. ती परत सुरू करायची आणि ती व्यायाम म्हणूनच करायची, कारण तिच्यात वाकणं आहे, खाली बसणं आहे, हात पुढं नेणं आहे, म्हणजे तुम्हाला जे जे बंद करायला सांगितलं ते सगळं. उद्या सकाळी ओट्यावर एका ताटात ठिपके घाला, फक्त बोटांना सवय. पुढच्या आठवड्यात उंबऱ्याशी स्टुलावर बसून, शेजारी चौरंग ठेवून त्यावर चार ठिपके चार ओळी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाटावर बसून जमिनीवर, एक हात उंबऱ्यावर टेकून, पाच मिनिटांवर एकदा उठायचं, बसतानाही आणि उठतानाही आधी एक गुडघा टेकायचा, मग दुसरा. सुनेला पहिले काही दिवस जवळ उभं राहायला सांगा, धरायला नाही, नुसतं उभं राहायला. कंबर जरा ओढली तर ओढू दे, नसांना काही होत नाही त्यानं.

दीड महिन्यानं परत लिहा, किती मिनिटं चालताय आणि खुर्चीतून किती वेळा उठता येतंय ते आकड्यात लिहा, डेक्साचा आकडाही. आणि काकांच्या पायाची नाडी लागली का ते मात्र तेवढं थांबू नका, दाखवून आलात की लगेच कळवा.